जंगल किती दाट असावे?

दरवर्षी हिवाळ्यात कूपांमध्ये, म्हणजे तोडणीसाठी आखलेल्या जंगलाच्या तुकड्यांमध्ये, कटाई सुरू झाली की एखादी चित्रफीत मोबाइलवरून फिरू लागते. रस्त्याच्या कडेला सागाच्या बल्ल्यांची थप्पी, मागे मोकळे दिसणारे रोपवन आणि खाली एक ओळ : 'जंगलाची कत्तल'. मग दोन-चार दिवस तेच ते ऐकू येते. एक बाजू म्हणते, झाड तोडणारा खुनीच. दुसरी बाजू, बहुधा सरकारी, म्हणते की चिंता नको, एकाच्या बदल्यात दहा लावू. भांडण कडाक्याचे असते, पण दोघांच्या हातात हिशोबाची वही एकच असते. किती तोडली आणि किती लावली, एवढेच तिच्यात लिहिलेले. त्या जमिनीवर पाऊस किती पडतो, माती किती खोल आहे, तिथे किती झाडे नीट जगू शकतात, हे विचारायला कुणाला सवड नसते.

माझे म्हणणे सरळ आहे. घनता हा जंगलाचा सद्गुण नव्हे आणि दुर्गुणही नव्हे. ती जागेप्रमाणे ठरते आणि हवामान बदलले की तीही बदलावी लागते. विदर्भासारख्या कोरड्या पानगळीच्या प्रदेशात, त्यातही माणसाने ओळीने लावलेल्या रोपवनात, वेळच्या वेळी काही झाडे काढणे हा जंगल राखण्याचाच भाग आहे. ते टाळल्याने जंगल वाचत नाही, फक्त त्याचे नुकसान कॅमेऱ्यात येत नाही. मात्र ही विरळणी आज ज्या पद्धतीने आणि ज्यांच्या एकट्याच्या अधिकारात होते, त्या पद्धतीचे समर्थन करायला मी बसलेलो नाही.

आधी सागाचा हिशोब पाहू. सागाचे रोपवन साधारण दोन मीटर बाय दोन मीटर अंतराने लावतात, म्हणजे हेक्टरी अडीच हजार रोपे. साठ-सत्तर वर्षांनी त्याच हेक्टरात शे-दोनशे भरदार झाडे उभी असली तर ते रोपवन उत्तम समजले जाते. मधली तेवीसशे कुठे गेली? काही मेली, बाकीची टप्प्याटप्प्याने काढली. सागाला डोक्यावर भरपूर ऊन लागते. शेजाऱ्याच्या सावलीत तो नुसता उंच होत जातो, खोड भरत नाही. म्हणून पाचव्या, दहाव्या वर्षी आणि पुढे ठरावीक टप्प्यांनी विरळणी करण्याचा प्रघात पडला. केरळात निलंबूरला मलबारचे कलेक्टर कॉनोली यांनी चातू मेनन यांच्या देखरेखीखाली १८४० च्या दशकात साग लावला. त्यातला राखून ठेवलेला तुकडा आजही पाहायला मिळतो. सव्वादोन हेक्टरांच्या आसपास जागा आणि झाडे शंभराहून थोडी अधिक. दीडशेहून अधिक वर्षांत तिथे वादळेही झाली आणि तोडही झाली, पण आज तिथे जाणारा प्रत्येक जण त्या प्रचंड खोडांकडे मान वर करून बघतो. हेक्टरी पन्नासच झाडे उरली म्हणून कुणी हळहळत नाही. ज्वारीची रोपे वीतभर झाली की शेतकरी विरळणी करतो, तेव्हा त्याला कुणी पिकाचा वैरी म्हणत नाही. झाडांच्या बाबतीत हीच गोष्ट कळायला जड जाते, कारण झाडाचे आयुष्य आपल्या आठवणीपेक्षा लांब असते.

यावरचा पहिला आक्षेप वजनदार आहे. निसर्ग स्वतःच विरळणी करतो, मग माणसाने कुऱ्हाड का घ्यावी? निसर्ग ती करतो, हे खरेच आहे. अमेरिकेतील रायनेके या वनसंशोधकाने १९३३ साली दाखवून दिले की झाडांची सरासरी जाडी जसजशी वाढते तसतशी एका क्षेत्रात मावू शकणाऱ्या झाडांची संख्या ठरावीक प्रमाणात घटत जाते. ती मर्यादा ओलांडायचा प्रयत्न झाला की मरणे सुरू होते. वेगवेगळ्या जातींच्या, वेगवेगळ्या वयांच्या मिश्र जंगलात ही छाटणी हळूहळू, इथे एक तिथे एक अशी होते. पडलेल्या झाडाच्या जागी ऊन येते, खालचे रोप वर सरकते. तिथे माणसाने लुडबूड करू नये हे मला मान्य आहे. आंबोली, कोयना, भीमाशंकरच्या सदाहरित पट्ट्यात आणि गावोगावच्या देवरायांत तर दाट छत हीच तिथल्या जीवनाची अट आहे, तिथे विरळणीचे नावही काढू नये. पण एकाच दिवशी लावलेल्या, एकाच जातीच्या रोपवनात काय होते? सगळी झाडे सारख्याच उंचीची, सारख्याच तहानेची. कुणीच जिंकत नाही आणि कुणीच हरत नाही. सगळी मिळून अशक्त होतात आणि मग एखाद्या कोरड्या वर्षी किंवा किडीच्या लाटेत एकदम कोसळतात.

हे एकदम कोसळणे कसे असते ते कॅलिफोर्नियाने पाहिले. १९१० च्या भीषण वणव्यांनंतर अमेरिकेच्या वनखात्याने आग म्हणजे शत्रू असे धोरण घेतले. १९३५ साली तर नियमच झाला की कुठलीही आग दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत विझलीच पाहिजे. तिथले मूळ रहिवासी, कारुक आणि युरोक लोक, शतकानुशतके थोडी थोडी आग लावून झाडोरा मोकळा ठेवत आले होते, त्यांना गुन्हेगार ठरवले गेले. पन्नास-साठ वर्षांत सिएरा नेवाडाची जंगले कित्येक पटींनी दाट झाली. त्या काळात कुणी हवाई छायाचित्र काढले असते तर 'हरित आच्छादनात भरीव वाढ' असा अहवाल निघाला असता. मग २०१२ ते २०१६ असा सलग दुष्काळ पडला. जमिनीतले पाणी तेवढेच, पिणारी मुळे मात्र कितीतरी जास्त. तहानलेल्या झाडांना भुंग्यांनी गाठले आणि दहा कोटींहून अधिक झाडे उभ्या उभ्या मेली. इथे एक सावधगिरी हवी. तिकडचे वणवे शेंड्यांवरून धावतात, आपल्याकडचे बहुतेक वणवे जमिनीवरच्या पाचोळ्याचे असतात. तेव्हा तिथला उपाय उचलून चंद्रपुरात लावणे वेडेपणाचे होईल. घ्यायचे ते एवढेच की पाणी ठरावीक असेल तर झाडांची संख्या अमर्याद वाढवता येत नाही, आणि वाढवली तर दुष्काळ एक दिवस वसुलीला येतो.

जपानची गोष्ट मला याहून जवळची वाटते, कारण ती सरळ आपल्या वृक्षारोपणाच्या उत्साहाला लागू पडते. दुसऱ्या महायुद्धानंतर बोडक्या झालेल्या डोंगरांवर जपानने सुगी आणि हिनोकी या सूचिपर्णी वृक्षांची प्रचंड लागवड केली. शाळेतली मुले, गावकरी, सगळा देश कामाला लागला होता. आज जपानच्या सुमारे अडीच कोटी हेक्टर जंगलापैकी एक कोटी हेक्टर हे असे लावलेले जंगल आहे. लागवड दाट होती आणि पुढे विरळणी करायची हे गृहीत होते. पण १९६४ साली लाकडाची आयात खुली झाली, परदेशी लाकूड स्वस्त पडू लागले, खेड्यांतली तरुण माणसे शहरांत गेली आणि विरळणी राहून गेली. परिणाम काय झाला? न विरळलेल्या हिनोकीच्या छताखाली इतका अंधार की जमिनीवर गवताचे पातेही उगवत नाही. उघड्या मातीवर पाऊस पडतो आणि उतार वाहून जातो. वसंत ऋतूत सुगीच्या परागकणांनी कोट्यवधी लोकांचे नाक-डोळे गळू लागतात. अखेर २०२४ पासून जपानने दरडोई वर्षाला एक हजार येन असा वन पर्यावरण कर लावला, आणि त्या पैशाचे एक मुख्य काम कोणते, तर राहून गेलेली विरळणी. लावलेली झाडे काढण्यासाठी एक अख्खा देश कर भरतो आहे.

गंमत अशी की त्याच जपानमधून आलेली वनस्पतिशास्त्रज्ञ अकिरा मियावाकींची दाट लागवडीची पद्धत आज आपल्याकडे दाटीचे दुसरे नाव झाली आहे. मियावाकी स्वतः या एकजातीय सुगी-हिनोकी लागवडीचे टीकाकार होते. स्थानिक जातींचा मेळ हा त्यांचा आग्रह होता. आपण मात्र त्यातली चौरस मीटरला तीन-चार रोपे एवढीच गोष्ट उचलली, कारण ती मोजता येते आणि फलकावर लिहिता येते. मुंबईत एखाद्या भूखंडावर दोन-तीन वर्षे टँकरने पाणी घालून घनवन उभारले तर माझी काही तक्रार नाही, त्याला बाग म्हणावे आणि आनंद घ्यावा. पण पाचशे-सहाशे मिलिमीटर पावसाच्या मुरमाड माळावर हेक्टरी तीस हजार झाडे हे जंगलाचे उत्तर आहे असे कुणी सांगू लागले, तर त्याला आधी त्या माळावर एक खड्डा खणायला सांगावे. हातभर खाली काय लागते ते त्याचे त्यालाच कळेल.

आकड्यांच्या या नादाला सरकारी मोजमापानेही खतपाणी घातले आहे. दर दोन वर्षांनी येणाऱ्या देशाच्या वनस्थिती अहवालात छताच्या घनतेवरून प्रतवारी असते. सत्तर टक्क्यांवर अति दाट, चाळीस ते सत्तर मध्यम दाट, दहा ते चाळीस विरळ, त्याखाली झुडपी. मोजणीची सोय म्हणून हे ठीक आहे. पण प्रतवारी पुढे गुणपत्रिका होऊन बसते. विरळ म्हणजे नापास, म्हणजे तिथे झाडे लावा. महाराष्ट्रात २०१६ साली २ कोटी, २०१७ साली ४ कोटी, २०१८ साली १३ कोटी आणि २०१९ साली ३३ कोटी रोपांचे लक्ष्य होते. त्यातली जगली किती, यावरून विधिमंडळात वादळ झाले आणि आमदारांची समिती नेमावी लागली. त्या वादातही दोन्ही बाजू जगलेली आणि मेलेली रोपेच मोजत होत्या. ज्या माळावर ती लावली तिथे मुळात झाडांचे रान होते की गवताचे, हा प्रश्न कडेलाच राहिला. सोलापूर, नगर, पुण्याच्या पूर्वेकडचे माळ हे तोडलेले जंगल नव्हेत. हिवर, बाभूळ, बोर तुरळक आणि मध्ये गवत, हीच त्यांची मूळ घडण. लांडगा, खोकड, काळवीट आणि आता जवळजवळ दिसेनासा झालेला माळढोक हे त्या मोकळेपणावर जगणारे प्राणी. तिथे चर खोदून गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया) आणि सुबाभूळ या बाहेरून आलेल्या झाडांच्या रांगा लावणे म्हणजे एक परिसंस्था मोडून दुसरी, तीही कमअस्सल, उभी करणे. पुण्याच्या टेकड्यांवरच्या गिरिपुष्पाच्या दाटीखाली फिरून पाहावे. हिरवे भरपूर आहे, गवत मात्र फारसे नाही.

इथे विरोधकांचा सर्वांत धारदार मुद्दा येतो आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. ते म्हणतात, 'शास्त्रीय व्यवस्थापन' या नावाखाली या देशातल्या जंगलांची जितकी वाट लागली तितकी दुसऱ्या कशाने लागली नाही. मग आता त्याच शास्त्रावर विश्वास का ठेवायचा? प्रश्न रास्त आहे. १८६४ साली भारताचे पहिले वनमहानिरीक्षक झालेले डीट्रिख ब्रँडिस हे बॉनचे वनस्पतिशास्त्रज्ञ. त्यांच्याबरोबर जर्मन वनशास्त्राची शिस्त आली. मोजणी, कार्य आयोजना म्हणजे जंगलात कधी काय करायचे याचा लेखी आराखडा, कूपांचे वेळापत्रक आणि लाकडाच्या उत्पन्नावर रोखलेली नजर. त्याच जर्मनीत स्प्रूसच्या सरळ रांगा २०१८ ते २०२० च्या दुष्काळांत आणि खोडकिड्यांच्या हल्ल्यात वाळून गेल्या. हार्झच्या डोंगरांवर मैलच्या मैल करडी खोडे उभी राहिली. आपल्याकडे १९७४ साली वनविकास महामंडळ स्थापन झाले आणि त्याने विदर्भात मोह, तेंदू, चारोळी, आवळा असलेली मिश्र जंगले साफ करून तिथे साग लावला. ज्यांच्या घरात मोहफुलावर दोन महिने चूल पेटते, त्यांना त्या सागाच्या रांगा जंगल वाटल्या नाहीत, आणि वाटायला नकोच होत्या.

याहूनही मुद्द्याचे उदाहरण परिसंस्थाशास्त्रज्ञ माधव गाडगीळांच्या कामात सापडते. १९७० च्या दशकात कर्नाटकातला बांबू का संपतो आहे याचा त्यांनी अभ्यास केला. वनखात्याची आणि कागद गिरणीची समजूत अशी की बांबूच्या बेटाच्या बुडाशी काटेरी फांद्यांची दाटी होते, ती साफ केली की कोंब मोकळे वाढतील. गावकरी सांगत होते की ते काटेच कोंबांना गुरांपासून वाचवतात. गाडगीळांनी जंगलात जाऊन पाहिले तेव्हा गावकरी बरोबर निघाले. काटे साफ केलेल्या बेटांतले कोवळे कोंब गुरे आणि रानप्राणी खाऊन टाकत होते. म्हणजे दाटी कमी करा असे म्हणणारे तज्ज्ञही सपशेल चुकू शकतात. मी हे विरळणीच्या विरोधातले उदाहरण म्हणूनच देतो आहे, कारण विरळणीचा पुरस्कार करणाऱ्याने ते लपवू नये.

पण यातून निष्कर्ष कोणता निघतो? जंगलाला हातच लावू नका, असा? तोही प्रयोग या देशात झालेला आहे. राजस्थानात भरतपूरचे केवलादेव राष्ट्रीय उद्यान झाल्यावर १९८२ साली तिथली गुरेचराई बंद केली गेली. विरोध करणाऱ्या गावकऱ्यांवर गोळीबार झाला, माणसे मेली. चराई थांबल्यावर पाणथळीत गवत माजले, उथळ पाणी त्याने भरून गेले आणि ज्या पाणपक्ष्यांसाठी हा सगळा खटाटोप होता त्यांनाच जागा उरेना. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीने दहा वर्षे अभ्यास करून सांगितले की म्हशींचे चरणे त्या पाणथळीला हवेच होते. चराईबंदीला आधी पाठिंबा देणाऱ्यांतही हीच संस्था होती, हे तिच्या प्रामाणिकपणाला शोभून दिसणारे आहे. असे असूनही २००० साली सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन या देशभरच्या जंगलतोडीविषयीच्या प्रकरणात अभयारण्ये आणि राष्ट्रीय उद्यानांतून मेलेली, वाळलेली, पडलेली झाडे आणि गवतसुद्धा काढायला मनाई केली. लूट थांबवणे हा हेतू होता आणि त्या काळची लूट पाहता तो समजण्यासारखा आहे. पण हस्तक्षेप म्हणजे लूटच, हे समीकरण त्यामुळे लोकांच्या मनात पक्के झाले. मेळघाटात बोरी, कोहा, कुंड ही गावे उठल्यावर त्यांच्या शेतांची कुरणे झाली आणि तृणभक्षी तिथे जमू लागले. मोकळी जागा वाघाच्याही उपयोगाची असते, हे तिथल्या वनरक्षकाला ठाऊक आहे. शहरातल्या निसर्गप्रेमीला ते पटवणे कठीण जाते.

आता बदलत्या हवामानाविषयी. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील संशोधकांनी २०१७ साली दाखवून दिले की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात मोठ्या क्षेत्रावरच्या अतिवृष्टीच्या घटना सुमारे तिप्पट झाल्या, आणि त्याच काळात एकूण मोसमी पाऊस मात्र घटता होता. जंगलाच्या भाषेत याचा अर्थ असा की पाणी कमी दिवसांत धो धो येते आणि मधली उघडीप लांबते. यातून दोन उलट मागण्या निर्माण होतात. उघडीप सोसायची तर एका ओंजळीला तोंडे कमी हवीत, म्हणजे झाडे कमी. धो धो पाऊस सोसायचा तर जमीन झाकलेली हवी. कच्चा युक्तिवाद इथेच घसरतो, कारण दाट झाडे म्हणजे झाकलेली जमीन असे तो धरून चालतो. सागाच्या दाटीखाली तसे नसते. सागाच्या सुपाएवढ्या पानांवर थेंब साठून मोठे होतात आणि उंचावरून खालच्या मातीवर आदळतात. खाली गवत-झुडूप नसेल तर सागवनातली धूप उघड्या रानापेक्षाही वाईट होऊ शकते. थोडे ऊन खाली पोचले, गवत, बांबू, धायटी, मुरुडशेंग उगवली, तर तीच जमीन पाणी धरते. अर्थात ऊन प्रमाणाबाहेर आले तर गवताच्या आधी घाणेरी घुसते. एकदा घाणेरीने जम बसवला की पाचोळ्याची आग तिच्यावरून वर चढायला लागते. म्हणजे एकदम निम्मी झाडे काढणे हेही मरणच. थोडी थोडी, वारंवार आणि पुढच्या दोन-तीन पावसाळ्यांकडे बघून काढावी लागतात.

आपली व्यवस्था मात्र याच्या नेमकी उलट बांधलेली आहे. कार्य आयोजना दहा वर्षांची. कुठल्या कूपात कुठल्या साली काय करायचे हे तिच्यात आधीच लिहिलेले. दुष्काळ पडो, गारपीट होवो, वणवा जावो, पंधरावे वर्ष आले की पंधराव्या वर्षाची विरळणी. आणि निधी नसला किंवा मोठ्या साहेबांना यंदा वाद नको असला की ती पुढे ढकलली जाते, मग ती विसाव्या वर्षी एकदम जबर होते. त्याच वेळची चित्रफीत फिरते. ब्रँडिसच्या काळात पाऊसमान बऱ्यापैकी स्थिर धरता येत होते, तेव्हा वर्षांच्या हिशोबाने चालणे शहाणपणाचे होते. आज रोपवनाचे वय हे विरळणीचे कारण होऊ शकत नाही. शेंडे किती मिसळले आहेत, खोडांची वाढ मंदावली आहे का, जमिनीवर काय उगवते आहे, मागचे दोन पावसाळे कसे गेले, यावरून निर्णय व्हायला हवा. असा निर्णय नागपूरच्या कार्यालयात बसून होत नाही, तो बीटमध्ये, म्हणजे वनरक्षकाच्या ताब्यातल्या जंगलात, उभे राहूनच होतो.

कार्बनचा मुद्दा काहींना निर्णायक वाटतो, तो मला तितका वाटत नाही. विरळणी केलेल्या रोपवनात पुढची काही वर्षे कार्बन कमी असतो, हे मान्य. पण हजारो किडकिडीत खोडांतला कार्बन एका वणव्यात किंवा एका कोरड्या उन्हाळ्यात सुटून जातो, मोठ्या खोडांतला टिकतो. जे लाकूड काढले त्याचे दार-खिडक्या झाल्या तर तोही कार्बन घरात पन्नास वर्षे राहतो. सरपण झाले तर नाही राहत. तेवढा फरक कबूल करून मी पुढे जातो.

कारण खरा अडसर विज्ञानात नाही, विश्वासात आहे. तोडायच्या खुणेचा हातोडा शंभर झाडांवर पडतो आणि दीडशे तुटतात, काढायची ती वाकडी-खुजी राहतात आणि जाडजूड निघून जातात, हा संशय विदर्भातल्या कुठल्याही जंगलाकाठच्या गावात ऐकायला मिळतो. विरळणी ही चोरीची पळवाट आहे असे म्हणणाऱ्याला मी शास्त्र समजावून सांगणार नाही. त्याला शास्त्र बहुधा माझ्याहून बरे कळते. त्याचा प्रश्न वेगळा आहे. कुठले झाड काढायचे हे ठरवते कोण, आणि काढल्यावर खुंट मोजतो कोण?

याचे उत्तर गडचिरोलीत अर्धेमुर्धे का होईना, सापडलेले आहे. 'दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' म्हणणाऱ्या मेंढा-लेखा गावाला वनहक्क कायद्याखाली २००९ साली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. २०११ साली तेव्हाचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी स्वतः गावात येऊन बांबूच्या वाहतूक परवान्यांची पुस्तिका ग्रामसभेच्या हाती दिली. बांबू हे घनतेचे शास्त्र शिकवणारे सर्वांत चोख पीक आहे. बेट मुळीच तोडले नाही तर जुन्या काठ्यांची गुंतवळ होऊन नव्या कोंबांना वाट राहत नाही, ओरबाडले तर बेटच मरते. कोवळी काठी ठेवायची, पिकलेली काढायची, हे ज्याला पुढच्या वर्षीही त्याच बेटाकडे यायचे आहे तोच नीट करतो. कंत्राटी टोळीला पुढच्या वर्षाशी काही देणेघेणे नसते. म्हणून गाडगीळांच्या काटेरी बेटांचा धडा आणि मेंढा-लेखाचा धडा एकाच दिशेला जातात. दाटी कुठली कामाची आणि कुठली घातक, हे तिथे राहणाऱ्याला कळते, आणि निर्णयाचे बरे-वाईट फळ त्यालाच भोगावे लागत असेल तर तो ते ज्ञान वापरतोही.

ग्रामसभा म्हणजे देवदूत, असे मी मानत नाही. गावातही पुढारी असतात, ठेकेदार तिथेही पोचतो, आणि मोहाच्या हंगामात जमीन साफ दिसावी म्हणून लावलेली आग रोपवनात शिरते, हेही घडते. तेव्हा खात्याने मोजणी, रोपटी आणि तज्ज्ञ घेऊन बाजूला उभे राहावेच. पण निशाणी केलेल्या झाडांची यादी तोडणीआधी ग्रामसभेत वाचली जावी, तोडणीनंतर खुंटांची मोजणी गावाने करावी, उत्पन्नातला ठरलेला वाटा गावाच्या खात्यात पडावा आणि प्रत्येक कूपात एक पट्टा मुद्दाम न विरळता सोडावा. म्हणजे पाच वर्षांनी भांडताना दोन्ही बाजूंना एकाच बांधावर उभे राहून डावीकडे आणि उजवीकडे बघता येईल. यातल्या कशालाही नवा कायदा लागत नाही. मेंढा-लेखात बांबू कधी आणि किती तोडायचा हे गाव ठरवते, आणि जंगल जागेवर आहे. तीच रीत शेजारच्या सागाच्या रोपवनाला का लागू होऊ नये, याचे पटेल असे उत्तर माझ्या तरी वाचनात आलेले नाही.